दरडीच्या वर, दरडीच्या खाली



  थेट विषयाला हात घालतो.

१८ नोव्हेंबर १९२९ रोजी संध्याकाळी, कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंडच्या दक्षिणेस, समुद्राखाली ७.२ तीव्रतेचा भूकंप झाला. अटलांटिकच्या तळावर त्या भागात तारायंत्राच्या बऱ्याच केबली टाकलेल्या होत्या. केंद्राजवळच्या केबली हादऱ्यासरशी तुटल्या, त्यात नवल नव्हते. नवल पुढेच होते. दक्षिणेकडच्या, अधिकाधिक खोल पाण्यातल्या केबली एकामागून एक, अगदी ओळीने, पुढच्या तेरा तासांत तुटत गेल्या. एकूण बारा केबली तुटल्या. त्याच संध्याकाळी बुरिन द्वीपकल्पाच्या किनाऱ्यावर त्सुनामीच्या लाटा आल्या. या साऱ्यात २८ माणसे गेली.

केबल तुटली की संदेश थांबे, आणि कोणत्या मिनिटाला थांबला याची नोंद तारघरात राहत असे. या नोंदींचा अर्थ १९५२ साली ब्रूस हीझन आणि मॉरिस युइंग यांनी लावला. दोन केबलींमधले अंतर माहीत, त्या तुटण्यामधला वेळ माहीत, मग भागाकार तेवढा करायचा. उत्तर आले ते असे, की भूकंपाने तळावरचा गाळ सुटला, पाण्यात मिसळला आणि एक जडशीळ गढूळ लोंढा होऊन उतारावरून धावला. सुरुवातीला ताशी शंभर किलोमीटरच्या वेगाने, असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या अभ्यासकांनी तो आकडा खाली आणला, पण मूळ कल्पना टिकली. वाहून गेलेला गाळ सुमारे २०० घन किलोमीटर भरतो.

समुद्राखालच्या या दरडीला साक्षीदार होते, आणि त्यांच्या भिंतीवर घड्याळे होती. बाकीच्या बहुतेक दरडींना कोणीच साक्षीदार नव्हते. त्या कधी कोसळल्या, कुठून सुटल्या आणि किती वर्षांनी पुन्हा कोसळतात, हे विचारायचे तर तळावरच्या गाळालाच विचारावे लागते. गाळातले जुने परागकण या चौकशीत काय सांगू शकतात आणि कुठे फसवतात, हा आजचा विषय आहे. फसवणुकीचा भाग मला जास्त मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर अंमळ जास्त वेळ घेणार आहे.

दरड म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही गावे येतात. उभा डोंगर, आषाढ-श्रावणातला पाऊस. समुद्राखालची गोष्ट फार वेगळी आहे. किनाऱ्यापासून समुद्रबूड जमीन संपली की खंडान्त उतार सुरू होतो. नकाशात तो कड्यासारखा दिसतो खरा, पण प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी त्याचा कल दोन-चार अंशांचाच असतो.  तरीही तिथे हजारो घन किलोमीटर गाळ सरकतो. नद्या गाळ इतक्या वेगाने आणून टाकतात की खालच्या थरांतल्या पाण्याला बाहेर पडायला सवडच मिळत नाही. ते कोंडते, वरच्या गाळाचा भार अंगावर घेते, आणि कणांची एकमेकांवरची पकड ढिली होते. मग एखादा भूकंप पुरतो. काही ठिकाणी मिथेन हायड्रेट, म्हणजे थंडी आणि दाब यांच्या जोरावर टिकून असलेले बर्फासारखे वायूचे खडे, वितळल्याने आधार जातो. पावसाचा इथे काहीच संबंध नाही.

नॉर्वेजवळची स्टोरेगा दरड ही अशा दरडींतली सर्वांत प्रसिद्ध. सुमारे ८,१५० वर्षांपूर्वी तिथे अंदाजे ३,००० घन किलोमीटर गाळ सुटला (अलीकडे काही जण हा आकडा बराच कमी धरतात). तिने उठवलेली त्सुनामी शेटलंड बेटांवर वीस मीटरहून अधिक उंच चढली. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पीटच्या काळ्या थरांमध्ये वाळूचा एक पांढुरका पट्टा सापडतो, तो याच लाटेने आणलेला. नॉर्वेत लाटेखाली गाडल्या गेलेल्या शेवाळाच्या काड्या मिळाल्या. त्या वर्षीची त्यांची वाढ कितपत झाली होती हे मोजून संशोधकांनी २०१५ साली सांगितले, की दरड शरद ऋतूच्या अखेरीस कोसळली. आठ हजार वर्षांपूर्वीच्या घटनेचे साल नेमके सांगता येत नाही, पण ऋतू सांगता येतो! वनस्पतींचे अवशेष हाताशी असले की असे चमत्कार घडतात. या संशोधनाला पैसा मिळाला त्यामागेही व्यवहार होता. दरडीने सोडलेल्या खळग्यातच ऑर्मेन लांगे हे वायूक्षेत्र १९९७ साली सापडले, आणि तिथे विहिरी खणण्याआधी उतार पुन्हा सुटणार नाही ना, याची खात्री हवी होती.

आता परागांकडे. परागकण साधारण दहा ते शंभर मायक्रॉनचा. त्याचे बाहेरचे कवच स्पोरोपोलेनिन नावाच्या द्रव्याचे असते, आणि जीवसृष्टीने बनवलेल्या सर्वांत चिवट पदार्थांत त्याची गणना होते. हवेपासून दूर, ओल्या गाळात ते कोट्यवधी वर्षे टिकते. प्रयोगशाळेत आम्ही गाळावर जे अत्याचार करतो त्यावरूनच याची कल्पना यावी. आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढतो. मग हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू आणि चिकणमाती विरघळवतो. हे आम्ल काच खाते आणि माणसाची हाडेही सोडत नाही. शेवटी अॅसेटिक अॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्ल यांच्या गरम मिश्रणातून उरलेसुरले सेंद्रिय द्रव्य जाळतो. एवढे झाल्यावरही पराग नक्षीसकट शाबूत असतात. नमुन्यात सुरुवातीलाच लायकोपोडियमच्या बीजाणूंची, आकडा ठाऊक असलेली, गोळी टाकलेली असते. मोजताना ते बीजाणू किती दिसले यावरून एका ग्रॅम गाळात मूळ पराग किती होते, हे काढता येते. मग सूक्ष्मदर्शकाखाली एका नमुन्यातले तीनेकशे पराग ओळखत, मोजत बसायचे.

या मोजदादीची सुरुवात १९१६ साली झाली. लेनार्ट फोन पोस्ट या स्वीडिश भूवैज्ञानिकाने क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो, येथील परिषदेत दलदलीतल्या परागांचे पहिले आलेख मांडले. खोलीप्रमाणे झाडांचे प्रमाण बदलत जाते, आणि शेजारच्या दलदलींत ते त्याच क्रमाने बदलते. म्हणजे पराग हवामानाचा इतिहास सांगतात आणि दोन ठिकाणचे थर जुळवूनही देतात. शंभर वर्षे होऊन गेली, पण या विद्येचा गाभा अजून हाच आहे.

दलदल ही जागच्या जागी भरत जाते. समुद्र तसा भरत नाही. यान म्युलर या डच संशोधकाने १९५९ साली ओरिनोको नदीच्या मुखाबाहेरच्या गाळाचा अभ्यास प्रसिद्ध केला, तो आमच्याकडे अजून प्रमाण मानतात. त्याने दाखवून दिले की समुद्रात जाणारे बहुतांश पराग वाऱ्याने नव्हे, तर नदीने जातात, आणि पाण्यात ते बारीक पोयट्याच्या कणांसारखे वागतात. पोयटा जिथे बसतो तिथे परागही बसतात, आणि पोयटा उचलला गेला की तेही उठतात. पाइनच्या परागाला दोन हवेच्या पिशव्या असतात. तो तरंगत फार दूर जातो, त्यामुळे खोल समुद्रात पाइन भलताच जास्त भरतो. हे लक्षात न घेता एखाद्याने भर समुद्रातल्या नमुन्यावरून किनाऱ्यावर पाइनचे घनदाट अरण्य उभे केले, तर त्याला नाव ठेवू नये. पण त्याचा आलेख पुन्हा काढायला लावावा.

इथेच आपण मूळ अडचणीपाशी पोहोचतो. पराग टिकतो म्हणून तो उपयोगी. पण तो इतका टिकतो की एकदा गाडला गेल्यावर, लाखो वर्षांनी उकरला जाऊन पुन्हा दुसरीकडे गाडला गेला, तरी त्याच्या चेहऱ्यावर फारसे काही दिसत नाही. दरड म्हणजे हेच उकरणे आणि पुन्हा गाडणे. दरडीच्या थरातून मूठभर गाळ घेतला तर त्यात कोसळण्याच्या दिवशीचे पराग असतील, त्याआधीच्या दहा हजार वर्षांचे असतील, आणि दरडीने खालचा जुना खडक खरवडला असेल तर अस्तंगत झालेल्या झाडांचेही असतील. सगळे एका काचपट्टीवर, शेजारी शेजारी.

पुरातत्त्वाच्या उत्खननात नाण्यांचा जो नियम लावतात, तोच इथे लावावा लागतो. सातवाहनांचे नाणे शिवकालीन थरात सापडू शकते, पण शिवराई सातवाहन थरात सापडू शकत नाही. थराचे वय त्यातल्या सर्वांत नव्या नाण्यापेक्षा जुने असूच शकत नाही. दरडीच्या थरात जुने पराग कितीही असोत, ते तिचे वय सांगत नाहीत. तिथला सर्वांत नवा पराग फक्त एक मर्यादा सांगतो. दरडीची तारीख दरडीत नसते. ती तिच्या लगेच खालच्या आणि लगेच वरच्या शांतपणे साचलेल्या गाळात असते. खालचा थर म्हणतो ‘याच्यानंतर’, वरचा म्हणतो ‘याच्याआधी’. या दोघांमधले अंतर जितके कमी, तितकी तारीख नेमकी.

मग दरडीच्या आतले पराग काय कामाचे? ते पत्ता सांगतात. साडेतीन हजार मीटर खोलीवरच्या थरात कांदळवनाचे पराग ढिगाने मिळाले, तर हा गाळ किनाऱ्याजवळून सुटला असा संशय घ्यावा. गाळात जमिनीवरचे पराग जास्त आहेत की समुद्रातल्या डायनोफ्लॅजेलेट या सूक्ष्म जीवांचे कोष, या प्रमाणावरूनही अंदाज येतो. जुने पराग ओळखायला रंग मदत करतो. खोल गाडले जाऊन तापलेला पराग पिवळ्याचा तपकिरी आणि पुढे काळपट होतो, आणि अतिनील प्रकाशात ताजा चमकतो तसा चमकत नाही. कधी कधी तर दरडीतला एखादा अखंड लगदा उलटा पडलेला असतो, आणि त्यातला वनस्पतींचा इतिहास खालून वर वाचण्याऐवजी वरून खाली वाचावा लागतो. अशा कोअरवर, म्हणजे तळातून काढलेल्या गाळाच्या नळकांड्यावर, ‘विस्कळीत, नमुना घेऊ नये’ अशी चिठ्ठी लावून पुढे जाण्याची आमच्या लोकांना सवय आहे. सुबक आलेखाच्या हव्यासापायी आम्ही बराच पुरावा असा बाजूला टाकला, असे माझे मत आहे.

अॅमेझॉनचे उदाहरण घेऊ. १९९४ साली ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या जहाजाने अॅमेझॉनच्या मुखाबाहेरच्या प्रचंड गाळाच्या पंख्यात सतरा ठिकाणी छिद्रे घेतली. हिमयुगात समुद्र सुमारे १२० मीटर खाली असताना ही नदी समुद्रबूड जमीन ओलांडून थेट खोल दरीत गाळ ओतत असे. आज समुद्र वर आल्यामुळे तो गाळ किनाऱ्याजवळच थांबतो. पंख्यात महाकाय दरडींचे थर सापडले. त्यांतली एकेक दरड सुमारे पंधरा हजार चौरस किलोमीटरवर, म्हणजे जवळजवळ अख्ख्या पुणे जिल्ह्याएवढ्या जागेवर पसरलेली, आणि काही ठिकाणी शंभर मीटरहून जाड. मार्क मॅस्लिन आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली असे मांडले, की वरच्या दोन दरडी हिमयुगात समुद्रपातळी झपाट्याने उतरताना कोसळल्या. पाण्याचा भार कमी झाला, हायड्रेट अस्थिर झाले आणि उतार सुटला.

पुढच्याच वर्षी सायमन हॅबर्ले आणि हेच मॅस्लिन यांनी याच मोहिमेतल्या ९३२ क्रमांकाच्या जागेवरच्या गाळातून पन्नास हजार वर्षांचा पराग-इतिहास प्रसिद्ध केला. त्यामागे एक जुना वाद होता. पक्ष्यांचा अभ्यासक युर्गेन हॅफर याने १९६९ साली म्हटले होते, की हिमयुगात अॅमेझॉनचे जंगल आक्रसून बेटाबेटांत उरले आणि मधे गवताळ माळ पसरले. तसे असते तर गवताचे पराग वाढायला हवे होते. ते वाढले नाहीत. वाढले ते पोडोकार्पससारखे, अँडीजच्या थंड उतारावरचे. म्हणजे जंगल थंड झाले, पण बहुतांशी जंगलच राहिले.

यावर आक्षेप आले आणि ते रास्त होते. नदी साठ-सत्तर लाख चौरस किलोमीटरचे खोरे निथळून आणते, तेव्हा पंख्यातला पराग हा सरासरीचा पराग. अँडीजमधले पराग नदीतून आले, की ती झाडेच मैदानात उतरली होती? आणि समुद्र खाली असताना नदीने उघड्या पडलेल्या समुद्रबूड जमिनीवरचा जुना गाळ खरवडला असणार, त्यातल्या परागांचे काय? पराग सरळ साचलेल्या थरातले असले, तरी त्यांच्या टिकाऊपणाची ही बाधा सुटत नाही. आणखी एक चक्र टाळावे लागते. परागावरून थराचे वय ठरवायचे आणि त्या वयावरून परागाचा अर्थ लावायचा, असे केले तर आपण आपल्याच शेपटीमागे धावतो. म्हणून कार्बन-१४, प्राणवायूची समस्थानिके, गाळातला चुंबकीय क्रम असे एखादे स्वतंत्र माप हवेच.

अगदी अलीकडच्या दरडींसाठी मात्र पराग कार्बनवर मात करतात, आणि याचे सर्वांत देखणे ठिकाण न्यूझीलंड आहे. १४ नोव्हेंबर २०१६ रोजी कैकौरा येथे ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. किनाऱ्यालगतच्या समुद्री घळीतून सुमारे ८५ कोटी टन गाळ सुटला आणि त्याचा गढूळ प्रवाह ६८० किलोमीटरहून पुढे गेला. असे याआधी कितीदा झाले? समुद्री कार्बनच्या घड्याळाला मुळातच शेकडो वर्षांची चूक असते, कारण समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच ‘म्हातारा’ असतो. गेल्या तीन-चारशे वर्षांसाठी तर ते जवळजवळ निरुपयोगी.

पण न्यूझीलंडला माणूस उशिरा पोहोचला. तेराव्या शतकात पॉलिनेशियन लोक आले, त्यांनी जंगले जाळली आणि जळक्या रानावर ब्रॅकन नावाचे नेचे माजले. गाळात या नेच्याचे बीजाणू एकदम वाढतात. ही पहिली खूण. एकोणिसाव्या शतकात युरोपीय लोक आले, त्यांच्याबरोबर कॅलिफोर्नियाचा पाइन आणि कुरणांतले तण आले. ही दुसरी खूण. न्यूझीलंडमध्ये पाइन मुळात नव्हताच, त्यामुळे त्याचा एक पराग सापडला तरी तो थर युरोपीयांच्या आगमनाआधीचा नाही, हे पक्के होते. तरंगत दूर जाण्याची त्याची जी खोड मघाशी सांगितली, तीच इथे फायद्याची, कारण तो खोल समुद्रातही पोहोचतो. फक्त नजर तयार हवी. तिथल्या देशी पोडोकार्प झाडांच्या परागांनाही पिशव्या असतात, काहींना तर तीन. उत्तर बेटाच्या आग्नेयेकडच्या समुद्रगाळातला वनस्पतींचा क्रम मॅट मॅक्ग्लोन यांनी २००१ साली प्रसिद्ध केला. असा क्रम हाती असला की गढूळ प्रवाहांचे थर त्यात बसवता येतात: हा नेच्याच्या आधीचा, हा नेचे आणि पाइन यांच्या मधला, हा पाइननंतरचा. तळावरचे किडे गाळ ढवळतात आणि खूण काही सेंटिमीटर खाली ओढतात, एवढे भान ठेवायचे.

आपल्या किनाऱ्यावर अशी खूण आहे का? गाजर गवत पुण्यात १९५०च्या दशकाच्या मध्यावर नोंदले गेले आणि पुढे देशभर पसरले, म्हणून ते चटकन आठवते. पण त्याचे काटेरी पराग त्याच्या कुळातल्या इतरांशी इतके मिळतेजुळते असतात, की साध्या सूक्ष्मदर्शकाखाली शपथ घेणे कठीण. माझी पसंती सुरूला आहे. एकोणिसाव्या शतकात कारवारकडे त्याची लागवड सुरू झाली, मग कोकणच्या पुळणींवर तो ओळीने उभा राहिला. शिवाय त्याचे पराग वाऱ्यावर उडतात. त्याआधीच्या काळासाठी पाया तयारच आहे. कारवारजवळच्या समुद्रातल्या कोअरांवरून कारातिनी आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली दाखवले, की सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीपासून हवा कोरडी होत गेली आणि कांदळवने व सदाहरित जंगल यांचे पराग घटले. मुंबईत वर्सोव्याला आज जगाशी जोडणाऱ्या केबली किनाऱ्याला लागतात. १९२९च्या केबलींची गोष्ट ऐकल्यावर त्या केबली ज्या उतारावरून जातात तिथे गेल्या काही हजार वर्षांत काय काय सरकले, हा प्रश्न नुसत्या विद्वत्तेचा राहत नाही.

आणि आपल्या पश्चिमेलाच एक राक्षस निजलेला आहे. सौराष्ट्राच्या बाहेरच्या उतारावरून सुटलेली ‘नटराज’ दरड २०१५ साली भूकंपीय लहरींच्या आलेखांतून उघड झाली. घनफळ सुमारे १९,००० घन किलोमीटर, लांबी ३३० किलोमीटर. तो गाळ अख्ख्या महाराष्ट्रावर सारखा पसरला, तर साठ मीटर जाडीचा थर होईल. त्याच वर्षी धनंजय पांडे आणि पीटर क्लिफ्ट यांच्या नेतृत्वाखाली समुद्रतळ वेधणाऱ्या ३५५ क्रमांकाच्या मोहिमेने लक्ष्मी खोऱ्यात, भारताच्या किनाऱ्यापासून पावणेपाचशे किलोमीटरवर, साडेतीन हजार मीटरहून खोल पाण्यात छिद्रे घेतली. एका जागी दरडीचा थर सुमारे ३३० मीटर जाड निघाला, दुसऱ्या जागी १९० मीटर. त्यात उथळ समुद्रातल्या चुनखडीचे तुकडे होते, म्हणजे पत्ता मिळाला. वय मिळाले ते दरडीच्या वरच्या थरातल्या चुनखडी कवचांच्या अतिसूक्ष्म शेवाळांवरून: दरड सुमारे एक कोटी आठ लाख वर्षांपूर्वीच्या जरा आधीची. इथे परागांना मान मिळाला नाही, आणि ते बरोबरच होते, कारण त्या काळासाठी शेवाळांचे घड्याळ कितीतरी नेमके आहे. दरडीच्या वर साचलेल्या गाळात मात्र पराग आणि पानांवरचे मेण यांच्या मदतीने गवताळ माळांचा प्रसार वाचला गेला. तो सुमारे ७४ लाख वर्षांपूर्वीपासून जोर धरतो. मेणाची गरज पडली, कारण सगळ्या गवतांचे पराग एकसारखे गोल आणि एका छिद्राचे असतात. त्यावरून उन्हाळी गवत आणि थंड हवेतले गवत वेगळे काढता येत नाही.

दरडीच्या पोटातल्या त्या ३३० मीटरांना मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. सगळा गाळ एकाच वेळी, एकाच जागेहून आला, की उतार टप्प्याटप्प्याने मागे मागे सुटत गेला? टप्पे असतील तर वेगवेगळ्या पातळ्यांवर कांदळाचे, गोड्या पाण्यातल्या शेवाळाचे आणि तापून काळ्या पडलेल्या जुन्या परागांचे प्रमाण वेगवेगळे निघायला हवे. सगळे सारखेच निघाले, तर एकाच झटक्याची बाजू बळकट होते. काही पातळ्यांवर पराग अजिबात टिकलेले नसतील, चुनखडीचा भाग तर बहुधा कोराच निघेल. पण चिकणमातीचे पट्टे तपासण्यासारखे आहेत. हिंदी महासागरातले कोअर कोचीच्या भांडारात ठेवतात. आपले कोची नव्हे, जपानमधले. तिथे अर्ज केला तर काही घन सेंटिमीटर गाळ मिळतो. या सभागृहात एम.एस्सी.चे विद्यार्थी बरेच दिसताहेत. अर्ज लिहिताना ‘विस्कळीत’ अशी चिठ्ठी असलेल्या पातळ्या आवर्जून मागा, आणि त्यांच्या लगेच वरचा आणि लगेच खालचा हातभर गाळही.